नथ बहरीनला निघाली

प्रवासाचे बेत दोन प्रकारांनी होतात. पहिल्या प्रकारात माणूस आधी ठिकाण ठरवतो आणि मग दिवस किती लागतील याचा हिशेब करतो. दुसऱ्या प्रकारात दिवस आधी ठरतात आणि त्या दिवसांच्या पिशवीत मावतील तितकी ठिकाणे, बटाटे भरावेत तशी, कोंबली जातात. हल्ली दुसऱ्याच प्रकाराचा बोलबाला आहे. परवा आमच्या भाच्याने मोबाइलवर दोन बोटे फिरवून आमच्यासाठी आखाताचा दौरा तयार केला. दुबई चार दिवस, अबू धाबी दीड दिवस आणि बहरीन साडेपाच तास. साडेपाच तास कशासाठी? तर तिथे विमान बदलायचे म्हणून!

"काका, बहरीनमध्ये पाहण्यासारखे आहे काय? एक झाड आहे, एक किल्ला आहे. संपले."

या पानावर दर आठवड्याला माझी बडबड ऐकून घेणाऱ्या वाचकांना ठाऊक आहे, की पाहण्यासारखे काही नाही असे कुणी म्हटले की माझे पाय नेमके तिकडे वळतात. दिवाळी अंकाच्या निमित्ताने संपादकांनी नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे. तेव्हा दुबई आणि अबू धाबी या दोन्हींना रजा देऊन मी नुसत्या बहरीनचा पाच दिवसांचा बेत कसा आखला, ते सांगतो. कुणाला उपयोगी पडला तर पडला.

प्रथम भूगोल, कारण भूगोलाच्या मास्तरांचा मार मी पुष्कळ खाल्ला आहे. सौदी अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यासमोर तीसहून अधिक बेटांचा हा पुंजका. सगळे मिळून क्षेत्रफळ पावणेआठशे चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपली बृहन्मुंबई घ्यावी आणि तिला थोडी ठिगळे जोडावीत, की झाले राष्ट्र. लोकवस्ती पंधरा लाखांच्या वर आणि त्यात निम्म्याहून अधिक लोक बाहेरचे. भारतीयच तीन लाखांपेक्षा जास्त. एवढ्याशा देशात राजा आहे, संसद आहे, मोटारींच्या शर्यतीचे मैदान आहे आणि समुद्रावरून सौदी अरबस्तानला जोडणारा पंचवीस किलोमीटरचा पूल आहे. तो १९८६ साली खुला झाला.

'बहरीन' या शब्दाचा अर्थ दोन समुद्र. एक खारा, हे उघडच आहे. दुसरा कोणता, यावर पंडितांत वाद आहे. पण मला त्यातले एकच उत्तर पटते. या बेटांवर आणि त्यांच्या भोवतालच्या समुद्राच्या तळाशीसुद्धा गोड्या पाण्याचे झरे होते. वर खारा समुद्र, खाली गोडा. मोती काढणारे पाणबुडे कातडी पिशवी घेऊन खाऱ्या पाण्यात बुडी मारीत आणि तळच्या झऱ्यावरून ती पिण्याच्या पाण्याने भरून वर आणीत. आमच्या कोकणात भरतीच्या वेळी समुद्राखाली जाणाऱ्या झऱ्यांच्या गोष्टी सांगतात, पण त्यांच्यावर कुणी राष्ट्राचे नाव ठेवले नाही.

आता ते झरे बहुतेक आटले आहेत. विसाव्या शतकात जमिनीतले पाणी यंत्रांनी इतके उपसले गेले, की गोडा समुद्र खालच्या खाली नाहीसा झाला. अधारी नावाचा एक मोठा झरा होता. त्याचे पाणी पाटांनी दूरच्या बागांना जाई आणि शेजारची जमीन कोरडी राही. त्यावरून तिकडे म्हण पडली, की 'अधारीसारखा आहे. लांबच्याला पाजतो, जवळच्याला विसरतो.' आमच्या नात्यात या म्हणीला शोभणारे निदान तीन गृहस्थ आहेत. पण झरा आता नाही. तिथे मुलांच्या खेळांची बाग झाली आहे. म्हण तेवढी उरली.

आता हा देश मला परका का वाटत नाही, ते सांगतो. १९६५ सालापर्यंत बहरीनमध्ये आपला रुपया चालत असे. अगदी नोटांसकट. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या, कारण रुपये तिकडे जाऊन त्यांचे सोने होऊन इकडे चोरून येत होते. मग १९६५ मध्ये बहरीनने आपला दिनार काढला, तो दहा रुपयांस एक या भावाने. आज एका दिनाराला सव्वादोनशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. साठ वर्षांत कोण कुठे गेले ते या एका ओळीत आले. टपालाचेही तसेच. हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'बहरीन' असे अक्षर छापून १९३३ पासून तीच तिकडे विकत. ब्रिटिशांचा तिथला अधिकारी १९४७ पर्यंत दिल्लीच्या सरकारचा नोकर होता. आणि मौज अशी, की ब्रिटिशांपासून बहरीन स्वतंत्र झाले ती तारीखही १५ ऑगस्टच, साल १९७१. मात्र राष्ट्रीय दिन ते १६ डिसेंबरला पाळतात, म्हणून ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही.

पण रुपया आणि टपालासाठी कुणी विमानाचे तिकीट काढीत नाही. मला तिकडे ओढणारी वस्तू आमच्याच कपाटात आहे. ती म्हणजे सौ.ची नथ.

नथ तिच्या आजीची. १९२१ साली आजीच्या लग्नात केलेली. सोन्याच्या तारेत ओवलेले मोती आणि मधे लाल खडा. घरात सगळे म्हणत, बसऱ्याचे मोती आहेत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या घरात चिंचपेटी किंवा तन्मणी काढून दाखवताना बाया हेच वाक्य बोलतात. बसरा हे इराकातले बंदर. तिथे काही मोती पिकत नसत. ते व्यापाराचे गाव. मोती निघत आखाताच्या उथळ समुद्रात, आणि त्यांतले उत्तम शिंपल्यांचे पट्टे बहरीनच्या भोवती. म्हणजे पिढ्यान्पिढ्या आपण ज्यांना बसऱ्याचे म्हणत आलो, त्यांतल्या पुष्कळांचे माहेर बहरीन. तिथून ते मुंबईस येत. मुंबईत त्यांना भोक पाडले जाई, निवड होई, सर ओवले जात आणि मग ते पॅरिसला किंवा पुण्याला जात. आखाती अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. मोत्याचे मोल ठरवायला 'चव' नावाचे माप होते, ते जव्हेरी बाजारातही चाले आणि बहरीनमध्येही. त्याची रीत मोठी शहाणपणाची. मोती वजनाने दुप्पट असला तर त्याची चव दुप्पट होत नसे, चौपट होई. म्हणून दोन लहान मोती मिळून एका मोठ्याची बरोबरी कधीच करू शकत नाहीत.

तर ही नथ. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा दोघी बहिणींनी चिठ्ठ्या टाकून दागिने वाटून घेतले. थोरल्या ताईंच्या, म्हणजे माझ्या आकडसासूबाईंच्या वाट्याला पाटल्या आल्या आणि सौ.च्या वाट्याला नथ. पाटल्या वजनाने भारी होत्या, पण नथीत बसऱ्याचे मोती, म्हणून हिशेब सारखा धरला. दोन वर्षांपूर्वी नथीची तार बदलायला एका सराफाकडे दिली. त्याने डोळ्याला भिंग लावले आणि म्हणाला, "वहिनी, हे मोती कल्चरचे असावेत. जपानी."

सराफ 'असावेत' म्हणाला होता. घरी येईपर्यंत त्याचे 'आहेत' झाले. आजीच्या नथीत कल्चरचे मोती कुठून येणार? मग कुणीतरी कधीतरी खरे काढून खोटे बसवले. कुणी? आणि इथे सौ.ला १९७२ आठवले. त्या दुष्काळात तिचे वडील, अण्णा, एका खेड्यात शाळामास्तर होते. विहीर आटलेली, भावांची शिक्षणे चालू, आणि पुढच्याच वर्षी ताईंचे लग्न झाले. ते बऱ्यापैकी झाले. पैसा कुठून आला हे तेव्हा चौदा वर्षांच्या मुलीने विचारले नव्हते. पन्नास वर्षांनी विचारले, आणि तेही ताईंना, टेलिफोनवर. "म्हणजे मोती तुझ्या लग्नात गेले आणि पाटल्याही तुलाच मिळाल्या," असे काहीतरी बोलणे झाले. तेव्हापासून दोघी बहिणी फक्त मंगल कार्यालयात भेटतात आणि एकमेकींच्या साड्यांची चौकशी करतात.

मोती तपासण्याची सोय मुंबईतही आहे, हे मला ठाऊक आहे. वाचकांनी पत्रे पाठवू नयेत. पण मुंबईचा निकाल ताई मानणार नाहीत आणि पुण्याचा सौ. मानणार नाही. बहरीनमध्ये 'दानत' नावाची संस्था २०१७ साली सरकारने स्थापन केली आहे. मोती आणि रत्ने पारखणे हेच तिचे काम. अरबी 'दाना' म्हणजे मोठा, निर्दोष मोती. क्ष-किरणांनी मोत्याच्या आतले थर पाहून तो शिंपल्याने आपसूक केला की माणसाने आत मणी घालून करवून घेतला हे तिथे सांगतात. आणि बहरीन हा असा देश आहे, की तिथे कल्चर मोत्यांच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. भाच्याने लगेच शंका काढली, "काका, आपले खोटे निघाले तर नथ जप्त करतील का?" शंका वेडगळ नाही. त्या संस्थेला पत्र लिहिले त्यात हाच प्रश्न पहिला घातला. दागिन्यात जडवलेले मोती तपासतात का, किती दिवस लागतात, शुल्क काय, हे त्याच्या खाली. मोती घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने उत्तर हाती आल्यावरच तिकीट काढावे.

आता बेत. जायचे ते नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. उन्हाळ्यात तिकडची हवा म्हणजे हमामखान्यात स्वेटर घालून बसल्यासारखी. रमजान कधी येतो ते पाहून ठेवावे, कारण त्या महिन्यात दिवसा बाहेर खाणेपिणे चालत नाही आणि कामाच्या वेळा बदलतात. मात्र रात्री जागणाऱ्याला तो महिना मौजेचा. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. गुरुवारी संध्याकाळपासून सौदीतून त्या पुलावरून मोटारींची रांग लागते आणि हॉटेलांचे भाव चढतात. म्हणून आम्ही शनिवारी रात्री उतरून गुरुवारी दुपारी निघणार. व्हिसाचा अर्ज घरबसल्या करता येतो, पण नियम बदलत असतात, ते सरकारी संकेतस्थळावरच वाचावेत, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. आखातात शांतता गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रे सोडली, त्या रात्री बहरीननेही आपले आकाश काही काळ विमानांना बंद केले होते. परराष्ट्र खात्याची सूचना तिकीट काढताना वाचावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचावी. पैसे परत मिळणारे तिकीट थोडे महाग पडते, पण या वयात झोप त्याहून महाग असते.

विमानतळ मुहर्रक नावाच्या बेटावर आहे. भाच्याच्या साडेपाच तासांत तो विमानतळाच्या खुर्चीत बसून ज्या गावाची वाट पाहणार होता, ते गाव भिंतीपलीकडेच आहे, हे त्याला मी नकाशावर दाखवले. माझ्या बेतातले दोन पूर्ण दिवस एकट्या मुहर्रकला दिले आहेत.

मोत्यांच्या काळची राजधानी ही. समुद्राकाठच्या बू माहिर किल्ल्यापासून गावाच्या पोटातल्या सियादी कुटुंबाच्या वाड्यापर्यंत साडेतीन किलोमीटरची पायवाट आखली आहे. वाटेवर व्यापाऱ्यांचे वाडे, नाखव्यांची घरे, पाणबुड्यांची घरे, वखारी, मशीद. सतरा इमारती, समुद्रातले तीन शिंपल्यांचे पट्टे आणि किनाऱ्याचा एक तुकडा मिळून २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवला. मुहर्रकच्या या जीर्णोद्धाराला २०१९ मध्ये आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. मला इमारतींतले फारसे कळत नाही. पण एकाच धंद्यातल्या वरपासून खालपर्यंतच्या सगळ्यांची घरे एका वाटेवर ओळीने पाहायला मिळतात, असे गाव मला दुसरे माहीत नाही. सावकाराचा वाडा सगळीकडे जपतात. पाणबुड्याचे घर कोण जपतो?

आणि त्या घरासाठीच दोन दिवस हवेत. मोसम जूनच्या सुमारास सुरू होई, सप्टेंबरअखेर संपे. चार महिने तारू समुद्रात. पाणबुडा नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा लावी, पायात दगड अडकवी, गळ्यात टोपली घेई आणि दोराने खाली जाई. दोर ज्याच्या हाती, त्या वरच्या माणसावर त्याचा जीव. श्वास संपत आला की दोराला हिसका द्यायचा. दिवसाला अशा पन्नासच्या आसपास बुड्या. दिवसभर पोटात जवळजवळ काही नाही, कारण भरल्या पोटी बुडी मारवत नाही; संध्याकाळी भात, मासळी, खजूर. शेकडो शिंपले उघडले तर एखाद्यात मोती, आणि तो कुणाच्या बुडीचा हे कुणाला कळत नसे, कारण शिंपले सगळ्यांचे एकत्र ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी उघडत.

तारवाच्या मालकाला तिकडे 'नोखदा' म्हणतात. आपल्या कोळ्यांचा नाखवा तो हाच. फारसीतून दोन्ही किनाऱ्यांना उतरलेला एकच शब्द. हा नोखदा मोसमाआधी पाणबुड्याला घरखर्चाला आगाऊ रक्कम देई. मोसम संपल्यावर वाट्यातून ती वळती होई. बहुधा वाटा कमी पडे, आणि कर्ज पुढच्या वर्षावर जाई. त्या कर्जासाठी पाणबुडा दुसऱ्या तारवावर जाऊ शकत नसे. तो मेला तर कर्ज मुलावर. मुलगा बुडी मारायला उतरे, बापाच्या दगडाने. १९२० च्या दशकात ही वारसा कर्जाची चाल मोडण्याचे कायदे झाले, प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही देण्याचे ठरले. गंमत पाहा, आगाऊ रक्कम कमी झाली म्हणून १९३२ साली पाणबुड्यांनीच दंगा केला. कर्ज वाईट, हे कर्ज देणारा नसला की कळत नाही. घरी चूल पेटवायला तेच एक साधन होते.

ही हकीकत मी घरी वाचून दाखवली तेव्हा सौ. नथीची डबी पुसत होती. ती काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, "अण्णांचीही अशी वही होती. किराण्याची."

याच व्यापारातली दुसऱ्या टोकाची गोष्ट ऐकायची तर न्यूयॉर्कला जावे लागते. पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या घराण्यातला झाक कार्तिए मोत्यांच्या शोधात १९१२ च्या सुमारास बहरीनला आला होता. १९१७ साली त्याच घराण्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची एक हवेली विकत घेतली. किंमत शंभर डॉलर रोख आणि मोत्यांचा एक दुपदरी हार. हाराचे मोल तेव्हा दहा लाख डॉलर धरले. पुढे १९५७ मध्ये तोच हार लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला गेला. हवेली मात्र अजून त्यांच्याकडे आहे. सौ.ला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे चिठ्ठीत पाटल्या आल्या असत्या तर बरे."

मधल्या चाळीस वर्षांत काय झाले? जपानच्या मिकिमोतो यांनी शिंपल्याला मोती करायला भाग पाडले. १९२१ मध्ये लंडनच्या बाजारात त्या मोत्यांनी खळबळ उडवली; नथ घडली ते साल तेच, हा नुसता योगायोग. त्यावर १९२९ ची जागतिक मंदी आली. बहरीनचा धंदा बसला. पण नशीब असे, की १९३२ साली जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागले. आखाताच्या अरबी बाजूला लागलेले ते पहिले तेल. ज्या साली पाणबुडे दंगा करीत होते, त्याच साली. पुढे पाणबुड्यांतले कित्येक जण तेलाच्या कंपनीत कामाला लागले. पहिली तेलविहीर पाहायला मिळते, शेजारी लहानसे संग्रहालय आहे. तिला मी अर्धा तास दिला आहे.

त्याच रस्त्याने पुढे भाच्याचे ते 'एक झाड'. वाळवंटात एकटे उभे, चारशे वर्षांचे, 'जीवनवृक्ष' म्हणून प्रसिद्ध. पाणी कुठून घेते याचे लोकांना नवल. मी त्याचे शास्त्रीय नाव शोधले आणि हसू आवरेना. ती शमी आहे! दसऱ्याला आपण जिला पुजतो, पांडवांनी जिच्यात शस्त्रे लपवली ती शमी. सौ.ने ताबडतोब बेतात त्या झाडाची वेळ वाढवली. पाने तोडायची नाहीत, एवढे वचन घेतले आहे.

किल्ला राहिला. कलात अल-बहरीन. तो वरून पोर्तुगीज काळाचा दिसतो, आणि वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला त्यात नवे काय, असे वाटेल. पण तो उभा आहे ती टेकडी माणसांनी चार हजार वर्षे घरावर घर बांधून केलेली आहे. तळाशी दिलमून नावाचे प्राचीन राज्य. बाबिलोनी लेखांतून ज्याचे नाव येते ते हे. सिंधू संस्कृतीच्या मापाची वजने इथे सापडली आणि इथल्या धर्तीची एक गोल मुद्रा गुजरातेत लोथलला. तराजू तेव्हाही एकच होता म्हणायचा. डेन्मार्कच्या संशोधकांनी १९५० च्या दशकात इथे खणायला सुरुवात केली. संध्याकाळी जावे, समुद्रावर सूर्य बुडताना. राष्ट्रीय संग्रहालय त्याच्या आदल्या दिवशी पाहून ठेवावे, म्हणजे मातीचे ढीग नुसते ढीग वाटत नाहीत.

राजधानी मनामाच्या बाजारात एक सकाळ. तिथे श्रीनाथजींचे देऊळ आहे, दोनशे वर्षांहून जुने, सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी बांधलेले. जवळच सोन्याचा बाजार. चहा मागायचा तर 'करक' म्हणावे. शब्द आपला 'कडक'च, फक्त 'ड'चा 'र' झाला आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत मोत्याच्या स्मारकाचे चित्र असते, सहा कमानींवर तोललेला पांढरा मोती. ते शोधायला जाऊ नये. १९८२ साली उभारलेले ते स्मारक, २०११ च्या चळवळीत निदर्शक त्याच्याखाली जमले, आणि त्याच मार्चमध्ये सरकारने ते पाडले. ज्या देशाचे पोट शतकानुशतके मोत्याने भरले, त्याच्या राजधानीतला मोती असा गेला. टॅक्सीवाल्याला त्याबद्दल खोदून विचारू नये. तो तिथे राहतो, आपण गुरुवारी निघणार असतो.

बेतात एक रात्र गाण्याला आहे. तारवावर चार महिने गाणारा माणूस वेगळा ठेवलेला असे. त्या गाण्याला 'फिजिरी' म्हणतात. टाळ्या, ढोल आणि मातीचा घडा एवढीच साथ, आणि मधूनच सगळ्यांच्या छातीतून निघणारा खोल हुंकार. मुहर्रकच्या जुन्या बैठकीच्या घरांत ते अजून गातात. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याचीही नोंद झाली. कार्यक्रमाचे दिवस आधी विचारून त्याभोवती बाकीचे दिवस बसवावेत, उलट करू नये.

होडीतून जाऊन स्वतः बुडी मारून शिंपले काढायचीही सोय २०१७ पासून पर्यटकांसाठी आहे. एका फेरीत साठ शिंपले काढता येतात, मोती निघाला तर आपला. भाच्याचे डोळे इथे प्रथमच चमकले. तो आता आमच्याबरोबर येतो आहे.

आणि भाचा येतो म्हटल्यावर त्याच्या आईला कळले. ताईंचा फोन आला. सौ.शी नव्हे, माझ्याशी.

"नथ तपासायला चालला आहात म्हणे. मग मी समोर हवी. मागाहून निकाल ऐकायचा नाही मला."

मी म्हटले, "या की."

"आणि तिला सांगा, मोती खोटे निघाले तर पाटल्या मोडून निम्म्या करू. पण मग तिने एकदा तोंडाने म्हणायला हवे, अण्णांनी काय केले ते. माझ्या लग्नात केले म्हणून मी ऐकून घेते. तिच्या तोंडून मला अण्णांबद्दल ऐकायचे आहे."

निरोप सांगितला. सौ. स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही. रात्री म्हणाली, "हॉटेलात एक खोली आम्हा दोघींना घ्या. तुम्ही भाच्याबरोबर झोपा. तो घोरत असला तर तुमचे तुम्ही बघा."

आता एकच काम राहिले होते. दागिना घेऊन देशाबाहेर जायचे, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून तसा दाखला घ्यावा, नाहीतर परत येताना तो परदेशात घेतला नाही हे सिद्ध करीत बसावे लागते. बरोबर सरकारमान्य मूल्यमापकाचा कागद असला की काम सोपे होते. म्हणून परवा आम्ही चौघे मूल्यमापकाकडे गेलो. दोघी बहिणी एका बाकावर, मधे पर्स. त्याने नथ तोलली, सोने लिहिले, खडा लिहिला आणि लेखणी थांबवून विचारले, "मोती नैसर्गिक लिहू की कल्चर?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. ताई म्हणाल्या, "आईचे लिहा."

मूल्यमापक सज्जन होता. त्याने 'मोती, नग अकरा, प्रकार तपासणीनंतर' असे लिहिले, शिक्का मारला आणि शुल्काची पावती माझ्या हातात दिली.